'आपले' म्हटलं की दहा पेन्स

त्यांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. लंडनच्या ईलिंगमधलं चांगलं तीन बेडरूमचं घर, मागे बाग, पण बुद्धाची तसबीर, बायकोचा फोटो, कॅलेंडर, आरसा, सगळं जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं. आरशात बघायचं तर उकिडवं बसावं लागे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, घर बदलायची तयारी चालली आहे. विचारलं तर म्हणाले, "घरमालकाची परवानगी नाही."

"किती वर्षं राहताय इथे?"

"मुलगा शाळेत होता तेव्हापासून."

"आणि मालक अजून खिळासुद्धा मारू देत नाही? भलताच खडूस दिसतो."

"मालक चांगला आहे हो. मी लेखी परवानगी मागितली आहे, त्याचं उत्तर येत नाही एवढंच."

मालक म्हणजे त्यांचा सख्खा मुलगा, ग्लासगोला राहणारा, हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. घर कागदोपत्री बापाच्याच नावावर होतं. तरी ते दर महिन्याला मुलाच्या खात्यात भाडं भरत. बॉयलर बिघडला की प्लंबरच्या आधी मुलाला फोन करत. मुलगा ख्रिसमसला आला की स्वतः लहान खोलीत झोपायला जात आणि मोठी खोली त्याला देत. शेजारची गोरी बाई एकदा मला म्हणाली होती, "हा फार सज्जन भाडेकरू आहे." तिलाही त्यांनी तसंच सांगून ठेवलेलं.

मूळचे नागपूरचे. जन्मभर इथल्या टॅक्स ऑफिसात नोकरी करून रिटायर झालेले. शर्टाचं गळ्याजवळचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं, आवाज खर्जातला, आणि रागावले की नागपूर बाहेर पडायचं: "काहून? काहून म्हणून?" लंडनच्या आसपासची आम्ही सगळी मराठी मंडळी त्यांना काका म्हणायचो, आणि त्यांच्या पाठीमागे टॅक्सकाका. रविवारी सकाळी त्यांची पुढची खोली भरलेली असे. वॉटफर्डहून, मेडनहेडहून लोक फायली घेऊन यायचे. कोणाला टॅक्स परत मिळवायचा असे, कोणाला भारतातल्या घराच्या भाड्याचं काय करायचं ते विचारायचं असे, आणि बहुतेकांना मुलांच्या कॉलेजसाठी पैसे साठवायचे असत. फी घेत नसत. मात्र त्यांचे दोन नियम होते.

पहिला नियम चहाचा. त्यांच्या हातचा चहा कप संपेपर्यंत प्यायल्याशिवाय ते फाईल उघडत नसत. "आत्ताच घेऊन आलो" म्हटलं तर "मग पुन्हा घ्या" म्हणत, आणि समोर बसून राहत. मला वाटायचं आग्रहाची सवय असेल, विदर्भातली माणसं आग्रही असतातच. मंडळाच्या गणपतीत एकदा एक वयस्कर बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याकडे चहा वगैरे घेता वाटतं?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सातासमुद्रापलीकडे येऊनही लोकांना काम त्यांच्याकडून हवं होतं आणि कप नको होता. काका बौद्ध होते, आयुष्यभर हे बघत आले होते, आणि त्यांनी त्यावर कोणाशी एका शब्दाने वाद घातला नाही. त्यांनी फक्त फाईल कपाच्या पलीकडे ठेवली. त्या बाईंचा नवरा पुढच्या रविवारी तिथे चहा पिताना मी डोळ्यांनी पाहिला, आणि मला मनापासून आनंद झाला.

दुसरा नियम डब्याचा. टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. बोलता बोलता कोणी "आपले पैसे" असं म्हटलं की काका बोलणं थांबवून डबा पुढे सरकवत. दहा पेन्स दंड. डबा भरला की त्यातून विहारातल्या मुलांसाठी पुस्तकं येत, आणि मी सांगते, ती मुलं पुष्कळ वाचायची.

"इंग्रजीत एक 'अवर' आहे," ते समजावून सांगत. "त्यात समोरच्याला धरलं की नाही ते कळतच नाही. मराठीत 'आमचे' म्हटलं की तुम्ही बाहेर, 'आपले' म्हटलं की तुम्ही आत. गोड शब्द आहे. जेवायला बसलं की खुशाल वापरा. पण टॅक्सच्या कायद्यात त्याला खुर्ची नाही. इथे पैसा कोणाचा तरी असतो. माझा म्हणा, तिचा म्हणा. नाव घ्या."

आता हे सगळं आमच्या मानेवर कसं आलं ते सांगते. माझे सासरे नाशिकला. आमची लेक प्राथमिक शाळेत असताना त्यांनी सिन्नरच्या बाजूचा आपला एक प्लॉट विकला आणि आलेले पैसे नातीच्या शिक्षणासाठी म्हणून इकडे पाठवले. "कर्ज काढून शिकायचं नाही, माझ्या नातीने," एवढंच त्यांचं म्हणणं. नवरा ते बँकेत टाकायला निघाला होता. कोणीतरी म्हणालं, आधी टॅक्सकाकांना भेटा.

काकांनी चहा पाजला आणि कायदा सांगितला. तो ऐकायला सोपा आहे. आई-बापाने स्वतःचे पैसे मुलाच्या नावावर ठेवले आणि त्यावर वर्षाला शंभर पौंडांच्या वर व्याज झालं, तर ते सगळं व्याज आई-बापाचंच धरतात आणि त्यांच्याकडून टॅक्स घेतात. नाहीतर इथला प्रत्येक बाप आपली सगळी पुंजी तान्ह्या पोराच्या नावावर ठेवून मोकळा झाला असता. आजी-आजोबांनी दिले असले तर मात्र व्याज मुलाचं. मुलाला दुसरी कमाई नसते, त्यामुळे टॅक्सही लागत नाही.

"मग प्रश्न एकच," काका म्हणाले. "दिले कोणी आणि कोणाला?"

"बाबांनी दिले," नवरा म्हणाला. "आपल्याला."

डबा सरकला. नवऱ्याने हसत दहा पेन्स टाकले.

काकांना हसू आलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे नाशिकला फोन लावायला लावला आणि स्पीकर चालू केला. सासरे आधीच कमी ऐकायचे.

"नमस्कार. तुम्ही पैसे पाठवले ते कोणाला दिले?"

"घरात दिले."

"घरात कोणाला?"

"अहो, घरात म्हणजे घरात! मुलगा आहे, सून आहे, नात आहे. आपलीच माणसं."

"घराला बँक अकाउंट नसतं, साहेब. नाव सांगा."

पलीकडे सासरे तापले. हा कोण टिकोजीराव आपल्याला आपल्या घरातलं विचारतोय, असं त्यांना वाटलं असणार. मी तोंडाला पदर लावून हसत होते, पदर नव्हता तरी. शेवटी ते ओरडले, "बरं बाबा, नातीला! नातीला दिले!"

"परत मागणार नाही?"

"दिलेलं कोण परत मागतं?"

"मुलाने मागितले तर?"

"तो कशाला मागेल?" सासरे म्हणाले, आणि फोन ठेवला.

खातं एका बिल्डिंग सोसायटीत उघडलं. इथे बिल्डिंग सोसायटी म्हणजे एक प्रकारची बँकच, आपल्याकडची इमारतीची सोसायटी नव्हे. (बघा, आला शब्द.) पैसे लेकीचे, पण ती अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायला दोन विश्वस्त. एक मी. दुसरा बाहेरचा हवा, असा काकांचा हट्ट, आणि बाहेरचा म्हणजे तेच. पैसे काढायचे तर दोघांची सही हवी. अशी किती मराठी मुलांची खाती त्यांच्या सहीने बांधलेली होती कोण जाणे. मंडळात त्यावरून चेष्टा व्हायची की काकांना सर्दी झाली तर निम्म्या मिडलसेक्सची पोरं कॉलेजला मुकतील.

खिळ्यांची गोष्ट त्यांनी मला स्वतःच सांगितली, एका उन्हाळ्यात, बागेत शेंगा तोडताना. लपवाछपवी नव्हती, कोणी विचारलं नव्हतं इतकंच. त्यांच्या सासूबाईंनी मरण्याआधी सोनं विकून नातवासाठी पैसे ठेवले होते. नातवाला विमान चालवायला शिकायचं होतं. त्या शिक्षणाला तेव्हाही पैसे पडत, बाकी युनिव्हर्सिटी फुकट असली तरी. त्याच सुमारास हे घर विकायला निघालं. काकांना घर भाड्याने कोणी देत नव्हतं, खोली बघायला गेलं की ती नुकतीच गेलेली असे. बायको दमली होती. काकांनी मुलाचे पैसे काढले आणि घर घेतलं.

"त्याला विचारलं नाही?" मी म्हटलं.

"सांगितलं. म्हटलं, बेटा, पैसे आपलेच आहेत, पुढे बघू." त्यांनी एक शेंग मोडून पाहिली, जून निघाली, टाकून दिली. "पुढे काही जमलं नाही. तो बँकेत लागला. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं."

हीथ्रोला उतरणारं एक विमान दूरवर दिसत होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

ते गेले तेव्हा मुलगा आला. उंच, टक्कल पडलेला, मवाळ माणूस. अंत्यविधीनंतर आम्ही काही जण त्या घरात भांडी आवरायला थांबलो होतो. तो बुद्धाच्या तसबिरीसमोर जमिनीवर बसला होता. मराठी त्याला समजत होती, बोलायचा मात्र इंग्रजीच. मी न राहवून विचारलं, एक ओळ लिहून दिली असतीत तर म्हाताऱ्याला आरशात उभ्याने बघता आलं असतं की हो. तो म्हणाला, लिहून दिलं असतं तर घर माझं आहे असं मी मान्य केल्यासारखं झालं असतं. मला घर नको होतं. भाड्याचे पैसे तसेच पडून आहेत, त्यातली एक पेनी मी काढलेली नाही. मग म्हणाला, मी डॅडना दर वर्षी सांगायचो, मी तुम्हाला माफ केलंय. ते म्हणायचे, तो विषय नाही, भाडं पोचलं का सांग. सांगताना त्याला हुंदका आला आणि मलाही आला. एकाच्या हट्टाला दुसऱ्याचा हट्ट असा तोडीस तोड, आणि दोघेही एकमेकांवर जीव टाकणारे.

पण हे शेवटचं झालं. त्याच्या आधीच्या वर्षी मंदी आली होती आणि आम्ही बुडायला लागलो होतो.

नवरा मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. कंपनीने त्याचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. जी भरपाई मिळाली ती उन्हाळा संपता संपता संपली. नोकऱ्या कुठेच नव्हत्या. आमच्या वॉटफर्डच्या घराचे मॉर्गेजचे हप्ते थकले आणि घर जप्त करण्याची भाषा सुरू झाली. लेक तेव्हा ए लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, शेवटच्या वर्षाला, आर्किटेक्चरला जायचं म्हणून दिवसभर पुठ्ठे कापत बसलेली. अठरा पूर्ण व्हायला चार महिने होते. तिच्या खात्यात सासऱ्यांचे पैसे व्याजासकट वाढून बसले होते. तेवढ्यात थकबाकी फिटून वर वर्षभराचे हप्ते सहज निघाले असते. मी माझी सही केली. उरली काकांची.

रविवारी सगळे गेल्यावर आम्ही दोघं बसलो. चहा प्यायलो. नवऱ्याने सांगितलं.

"तिला विचारलं?" काका म्हणाले.

"तिची परीक्षा आहे, काका. तिला कशाला टेन्शन? नोकरी लागली की भरून टाकीन परत. आणि शेवटी पैसे आपलेच..."

तो थांबला. खिशात हात घातला, दहा पेन्स काढले आणि डब्यात टाकले. नाणं तळाशी पडल्याचा आवाज झाला. कोणी हसलं नाही.

"तुमचे की तिचे?" काका म्हणाले. "आधी ठरवा. तिचे असतील तर तुम्हाला काढता येत नाहीत. तुमचे असतील तर इतकी वर्षं टॅक्स न भरता व्याज घेतलं, तो सगळा भरा, आणि तुमच्या वडिलांनी फोनवर सांगितलं ते खोटं होतं असं म्हणा. दोन्ही कसं चालेल?"

"अहो, घर राहिलं तर तिच्याच डोक्यावर छप्पर राहील ना? तिच्यासाठीच वापरतोय."

"छप्पर देणं आई-बापाचं काम आहे. त्याचं बिल मुलीला लावायचं नाही."

"म्हणजे आम्ही रस्त्यावर आलो तरी तुम्ही सही करणार नाही?"

"नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझे आहेत थोडे. पेन्शनचे साठलेले. ते देतो. कागद नको, मुदत नको."

नवरा उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुमचे नकोत," तो म्हणाला. "आमचे आहेत ते आम्हाला मिळत नाहीत आणि तुमच्या दारात भीक मागू?" तो बाहेर जाऊन गाडीत बसला.

मी गेले नाही. मला भयंकर राग आला होता. मी म्हटलं, "काका, तुमच्या मुलाचं फेडायचं राहिलंय म्हणून तुम्ही आमचं घर वेठीला धरताय."

"हो," ते म्हणाले. "तसंच आहे."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने असं उत्तर दिलं की भांडण हातात नुसतं लोंबकळतं. मी पर्स उचलली आणि निघाले. दारात म्हणाले, "सांभाळून जा, पाऊस आहे."

ते चार महिने कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. गाडी विकली. लहान खोलीत एक पोलिश लॉजर भाड्याने ठेवला, सुताराचं काम करणारा, बिचारा पायातले बूट बाहेर काढून घरात यायचा. मी शाळेत जेवण वाढायचं काम करतच होते, त्यात शनिवार-रविवार केमिस्टकडे उभी राहू लागले. नवरा एका गोदामात खोकी उचलायला लागला, कंबर धरून घरी यायचा. घराचं कर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायटीने अर्धा हप्ता घ्यायला मान्यता दिली, पण उन्हाळ्यापर्यंतच. लेकीला आम्ही काही सांगितलं नाही. पण ज्या घरातली गाडी जाते आणि लॉजर येतो, त्या घरातल्या मुलीला काय सांगायचं बाकी राहतं? ती जेवताना मान खाली घालून जेवायची आणि दुसरी पोळी नको म्हणायची. त्या रविवारच्या रात्रीनंतर काकांचं नाव घरात निघत नव्हतं.

अठरावा वाढदिवस ईस्टरच्या सुट्टीत आला. केक कापला. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, ईलिंगला जाऊ या. माझं पैसे आहे ना तिकडे? काका साइन करणार." नवरा आला नाही. मी गेले, कारण विश्वस्त मीही होते.

काकांनी कोट आणि टाय घातला होता. आम्हा दोघींना चहा दिला. माझ्याशी ते अगदी नेहमीसारखं बोलले आणि मला त्याचाही राग आला. लेकीने कप रिकामा करून ठेवला आणि सरळ विचारलं, "काका, काढला तर टॅक्स लागेल?"

"काढण्यावर नाही. टॅक्स व्याजावर असतो, आणि तुझी कमाई नाही तोवर तोही नाही. आजपासून ते सगळं तू बघायचं. आई-बाबांचा संबंध संपला, माझाही संपला."

"आणि मी दुसऱ्याला दिले तर? लाइक, गिफ्ट?"

"दिले तर दिले. त्यावर टॅक्स नाही."

"म्हणजे सेम पैसे, बाबांनी आधी घेतला असता तर राँग, आणि आता मी दिला तर ओके?"

"हो."

"दॅट्स सो सिली, काका."

"असेल," ते म्हणाले. त्यांनी सही केली. सही करताना त्यांचा हात हळू चालत होता, एकेक अक्षर सुटं.

मग लेक रडायला लागली. तिला सगळं माहीत होतं, थकलेल्या हप्त्यांपासून ते त्या रविवारच्या भांडणापर्यंत. भिंती पातळ असतात इथल्या. ती म्हणाली, "काका, मी काय करू? सांगा ना. तुम्ही सांगितला तर मी तसं करणार."

काका उठले आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती मी अजून सोडलेली नाही. आमच्या तोंडावर नाही म्हणाले ते बरोबर होतं असं मी आज मान्य करीन, एखाद्या चांगल्या दिवशी. पण अठरा वर्षांची पोर समोर बसून रडत असताना मोठ्या माणसाने काहीतरी बोलायला हवं. दे म्हणा, देऊ नको म्हणा, निदान डोक्यावर हात ठेवा. दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की दुसऱ्याच्या दुःखालाही हात लावायची त्यांना धास्ती वाटायची. मी तिला जवळ घेतलं. आम्ही निघालो.

दारात त्यांनी मला थांबवलं. लेक फाटकापर्यंत पुढे गेली होती.

"ती काही देईल, असं मला वाटतं," ते म्हणाले. "दिलं, तर नुसता आशीर्वाद देऊन मोकळ्या होऊ नका."

"मग काय करू?"

"आभार माना. परक्या माणसाचे मानतो तसे." मग म्हणाले, "माझं तेवढं राहिलं."

मुलीला सल्ला द्यायचा नाही आणि मला मात्र द्यायचा! मी चालू लागले.

लेकीने आठवडाभर काही सांगितलं नाही. पुठ्ठे कापत राहिली. मग एका संध्याकाळी मी कणीक मळत होते, नवरा कामावरून येऊन नुकता टेकला होता, तेव्हा ती खाली आली आणि तिने टेबलावर चेक ठेवला. बरोबर अर्धे पैसे. बाबांच्या नावाने, तिच्या त्या शाळकरी अक्षरात. म्हणाली, "अर्धा माझ्यासाठी ठेवला. फर्स्ट दोन वर्ष होईल त्याच्यात. नंतर मी लोन घेणार. आजोबांना मी सांगते फोनवर, तुम्ही नका सांगू."

तेवढ्याने घर राहिलं. ती शिकायला गेली, पुढे कर्जही काढलं, आणि सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं. पण त्या क्षणी हे पुढचं कोणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याने चेककडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "नको," म्हणाला, आणि उठून मागच्या दाराने बागेत गेला. तिकडे पाठ करून उभा राहिला. लेकीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आपलं चुकलं.

चेक मी उचलला. कणकेचे डाग पडले त्यावर. मी घेतला, कारण कोणीतरी घ्यायलाच हवा होता.

आता आमच्यात पोटच्या पोरीचे आभार कोणी मानत नाही. पाणी आणून दिलं तर "शहाणी गं माझी" म्हणतात, परीक्षेत पहिली आली तर तोंडात पेढा घालतात. थँक यू मी दिवसभर म्हणत असे, बसच्या ड्रायव्हरला, केमिस्टच्या गिऱ्हाइकाला, दार धरणाऱ्या कोणालाही. ते इंग्रजीतलं तिला देऊन चालणार नव्हतं. त्याला इथे काही किंमत नाही. मी हात पुसले, सरळ उभी राहिले आणि मराठीत शब्द शोधू लागले. तुझे आभार. ते जिभेवर येईना. कोणी कधी म्हटलंय का तसं? आभार ज्यांचे मानायचे ते सगळे 'तुम्ही' असतात, पाहुणे, डॉक्टर, सभेचे अध्यक्ष. माझ्या तोंडून आपोआप तसंच बाहेर पडलं.

"आम्ही तुमचे फार आभारी आहोत," मी म्हटलं.

लेकीने मागे वळून दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून.